डाव्या अंगाचा मोर

जीपचं पुढचं उजवं चाक दरीवर लोंबत होतं आणि ते अजून फिरत होतं. इंजिन बंद पडलं होतं, पण त्या चाकाला ब्रेक धरत नव्हता, ते आपलं फिरतच होतं. मी मागच्या बाकावरून वाकून बघितलं तर चाकाखाली रस्ता नव्हता. करवंदीच्या जाळ्या होत्या, त्यांच्या खाली झाडांचे शेंडे होते, आणि त्याखाली काय होतं ते दिसत नव्हतं.

पुढच्या उजव्या जागेवर पाहुणे बसले होते आणि त्यांच्या मांडीवर माझी सहा वर्षांची मुलगी. जीपला दारं नव्हती. मुलीचा एक पाय बाहेर, मोकळ्या हवेत होता.

डाव्या बाजूला सुकाणूवर माझा धाकटा दीर. मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप होती, तिचं सुकाणू डाव्या अंगाला होतं. म्हणजे पक्क्या रस्त्याच्या सगळ्यात जवळ तोच. डावा पाय बाहेर टाकला असता तर तो जमिनीवर उभा राहिला असता. पण त्याचा उजवा पाय ब्रेकवर होता, आणि हँडब्रेक नावालाच आहे हे त्याने सकाळीच सांगितलं होतं. ब्रेक सोडून त्याने उडी मारली तर तो वाचणार आणि जीप जाणार. हे त्याला कळत होतं. मलाही कळत होतं.

मी मुलीकडे बघत नव्हते. मी त्याच्या पायाकडे बघत होते. हा माणूस वर्षभर आम्हाला फसवत आलाय, हे तासाभरापूर्वी माझ्या ध्यानात आलं होतं. वर्षभर फसवणारा माणूस ऐन वेळेला उडी मारणार नाही, हे कशावरून धरायचं?

दीर पलटणीत ड्रायव्हर होता. आमच्या आष्ट्याकडच्या गावात घरटी एक तरी माणूस मिलिटरीत असायचा, त्यात नवल नव्हतं. मोठा दुष्काळ सरल्यावर वर्षा-दोन वर्षांनी तो अचानक ट्रंक आणि वळकटी घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, नोकरी सोडली. वडील नाहीत, भाऊ एकटा शेती ओढतोय, म्हणून सोडली. सासूबाईंना भरून आलं. माझ्या मालकांनीही मान डोलावली. मला ते पटलं नाही. सासरे वारून तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं भाऊ एकटाच ओढत होता, तेव्हा हा का आला नाही? आणि पक्की नोकरी अशी कोण सोडतं? मी मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "तुला समद्यातच खोट दिसती." दिसते. असली की दिसते.

मग मी लक्ष ठेवलं. तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना त्याची धार पेल्याबाहेर पडायची. चहाचा कप घ्यायला हात पुढे करायचा तो कपाच्या अलीकडेच थांबायचा, आणि मग चाचपल्यासारखा पुढे सरकायचा. पायरी उतरताना एक पाय आधी हवेत घुटमळायचा. मला वाटलं, पितो. पलटणीत रमची सवय लागून आलेली माणसं गावात होतीच. दोन-तीनदा मी मुद्दाम अगदी जवळून गेले. तंबाखूचा वास आला, दुसरा कसला नाही. वास येत नाही म्हणजे काहीतरी खाऊन वास दाबतो, असं मी ठरवलं.

इस्लामपूरच्या एका बागवानाकडे त्याला काम लागलं. बागवानाचा फळांचा व्यापार, पदरी दोन-तीन गाड्या. त्यातली ही डाव्या सुकाणूची जीप कोणी ड्रायव्हर हातात घ्यायला तयार नव्हता. पुढची गाडी ओलांडायची तर समोरचं काही दिसायचं नाही, गाडीचं सगळं अंग रस्त्याच्या मध्यावर काढावं लागायचं. दिराने आपण होऊन तीच मागितली. बागवान खूश झाला. घरचे म्हणाले, मिलिटरीचा ड्रायव्हर आहे, त्याला काय, कुठलीही गाडी चालते. मी म्हटलं, सरळ गाड्या असताना माणूस वाकडी का मागतो? त्याला उत्तर मिळालं नाही, कारण हे मी मनातच म्हटलं होतं.

त्यात त्याचं लग्न निघालं. मुलीचे वडील फॉरेस्ट गार्ड, पाटणच्या पुढे कोयनेच्या रानात नेमणुकीला. ते येऊन आमचं घर, ऊस, विहीर बघून गेले होते. आता आम्ही मुलगी बघायची. रीत अशी की जायचं, पोहे खायचे, मुलीला दोन प्रश्न विचारायचे आणि परत यायचं. यांनी निरोप धाडला, पोराच्या आईला आणि वहिनीला घेऊन या, जीप आहे तर आधी आमचं रान बघा, गवे आहेत, शेकरं आहेत, कोयनेचं पाणी आहे. मग उतरत्या उन्हाला घरी चला.

आमच्या घरातून डोंगर बघायला म्हणून कोणी कधी गेलं नव्हतं. डोंगरात जायचं ते देवाला, नाहीतर जळणाला. मुलगी दाखवायच्या आधी डोंगर दाखवतोय म्हणजे मुलीत काहीतरी आहे, असं मी धरलं. दिवसभर हिंडवून दमवायचं, आणि मग अंधुक उजेडात मुलगी पुढे आणायची. सासूबाईंना तसं बोलले. त्या म्हणाल्या, "तुला बघाय आलो तवा भर दुपार हुती. काय उपेग झाला?"

मालकांची उसाला पाणी द्यायची पाळी होती, ते राहिले. मे महिन्यातल्या एका पहाटे आम्ही निघालो. दीर, सासूबाई, माझी मुलगी आणि मी.

निघालो म्हणते, पण निघायला उशीरच झाला. सासूबाईंचा एक नेम होता. लांबच्या वाटेला जायचं तर आधी कुंभारकावळा दिसला पाहिजे. तांबूस पंखांचा काळा पक्षी, शिकलेले लोक त्याला भारद्वाज म्हणतात. आणि तो एकट्याने बघून भागत नसे. जेवढी माणसं जाणार तेवढ्यांनी बघायचा. अर्धा तास आम्ही बांधावर उभ्या. शेवटी बाभळीत सापडला. सासूबाईंनी हात जोडले, मुलीने बघितला, मी बघितला. दीर जीपची काच पुसत होता. सासूबाईंनी हाक मारली तसा तो वळला. तो वळेपर्यंत पक्षी उडाला, आणि उडाला तो दिराच्या डाव्या कानाजवळून, विहिरीपलीकडच्या शेवरीत जाऊन बसला. दीर बाभळीकडे बघत राहिला. हात जोडले आणि म्हणाला, "बघितला, आई. लय झ्याक बसलाय."

देवाच्या गोष्टीत, सख्ख्या आईशी, इतकी सहज थाप. मी ती बाजूला ठेवून दिली.

सासूबाईंनी पाहुण्यांसाठी गुळाच्या दोन ढेपा आणि शेंगांचं पोतं मागच्या फाळक्याला लावून ठेवायला लावलं होतं. दीर म्हणाला, एवढं ओझं एकदम मागे नको, गाडी उलाळ होईल. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलतं, त्याला आमच्याकडे उलाळ म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, बैल नाहीत तर उलाळ कसली? ढेपा तिथेच राहिल्या.

कऱ्हाडवरून पाटणला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पाहुणे, म्हणजे मुलीचे वडील, एस.टी. स्टँडवर खाकी कपड्यांत उभे होते. पन्नाशीचा वाळका माणूस. ते पुढे दिराच्या उजवीकडे बसले. मागे ताडपत्रीच्या टपाखाली मुलीला काही दिसत नव्हतं, ती कुरकुरली, तसं त्यांनी तिला पुढे घेऊन मांडीवर बसवलं. परक्या माणसाच्या मांडीवर पोर द्यायला माझं मन होत नव्हतं. पण सोयरीक व्हायची, नाही कसं म्हणायचं.

पाहुण्यांची एक तऱ्हा होती. जनावर दिसलं की ते बोट दाखवत नसत. बोट दाखवलं की जनावर बुजतं, म्हणायचे. हनुवटी थोडी उचलायची आणि हलक्या आवाजात सांगायचं, उजव्या अंगाला अमुक, डाव्या अंगाला तमुक. घाट चढायला लागलो तशी त्यांची हनुवटी सुरू झाली.

उजव्या अंगाला वानरं. उजव्या अंगाला दगडावर घोरपड. ती घोरपड तर दिराने पाहुण्यांच्याही आधी बघितली आणि जीप हळू केली. पाहुणे म्हणाले, "नजर हाय, गड्या." दीर हसला. सासूबाईंनी मला कोपर मारलं. बहावा फुलला होता, पिवळे घोस रस्त्यावर आले होते. मला झाडं बघायची आवड नाही, पण ते झाड डोळ्यांत भरलं, हे खरं.

मग डाव्या अंगाला शेकरू आलं. मांजराएवढी तांबडी खार, शेपूट तिच्या अंगापेक्षा मोठी. रस्त्यावर आलेल्या फांदीवरच बसली होती, हात लांबवला तर लागेल अशी. मुलगी ओरडलीच. दीर म्हणाला, "व्हय व्हय, बघितलं," आणि जीप तशीच पुढे नेली. घोरपडीला हळू करणारा माणूस शेकराला का थांबला नाही? पुढे डाव्या अंगाला रानकोंबडा आला. पाहुण्यांनी सांगितलं. "व्हय," दीर म्हणाला. मान वळली नाही. उजव्या अंगाला भेकर आलं, लहान हरणासारखं. जीप थांबली, इंजिन बंद, सगळ्यांनी पोटभर बघितलं.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण उजवं आणि डावं मोजायला शाळा लागत नाही. मी दिवसभर जनावरं बघितली नाहीत. मी दीर कुठे बघतो ते बघत होते. आणि मध्ये एकदा वर आरशात बघितलं तर पाहुणे मला बघताना दिसले. मी लगेच नजर काढली. हा माणूस मला कशासाठी बघतोय, ही आणखी एक शंका.

दुपारी कोयनेचं पाणी दिसेल अशा एका कड्यावर भाकरी खाल्ली. उन्हाळ्याने पाणी उतरलं होतं. काठाला तडकलेल्या गाळाचा पट्टा, त्यात झाडांची काळी खोडं आणि कोणाच्या तरी घराच्या जोत्याचे दगड उघडे पडले होते. पाहुणे म्हणाले, त्या दगडांच्या थोडं पुढे आमचं गाव होतं. सासूबाई हळहळल्या. मी विचारलं, आता मासे चांगले मिळत असतील नाही? पाहुणे म्हणाले, मिळतात.

तिथेच दिराने पाहुण्यांना पाणी दिलं. पाहुण्यांनी ओंजळ धरली होती, ओंजळीच्या बाहेर पाण्याची धार पडली. पाहुण्यांनी ओंजळ सरकवून धारेखाली नेली. सकाळी कानाजवळून उडालेला कुंभारकावळा, वाकडी जीप, पेल्याबाहेरचं पाणी, शेकरू, हे सगळं तेव्हा माझ्या डोक्यात एकाला एक लागलं. दारू नव्हतीच. डावा डोळा.

आता मी काय करायला हवं होतं? तिथेच बाजूला घेऊन त्याला विचारायला हवं होतं. मी विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि सासूबाईंनी मला जन्मभर खाल्लं असतं की पोराची सोयरीक हिने मोडली. मला पुरावा हवा होता. संशय घेणाऱ्या माणसाला पुराव्याची फार हाव असते.

घाट उतरायला लागलो. पाहुण्यांचं घर खाली होतं. डावीकडे डोंगराचा उभा बांध, उजवीकडे दरी, मध्ये एक ट्रक जेमतेम जाईल एवढा रस्ता. मी मागच्या बाकावरून सहज म्हटल्यासारखं म्हटलं,

"भावजी, डाव्या अंगाला मोर बघा की. केवढा पिसारा."

मोर नव्हता. बांधावर वाळलेल्या कारवीच्या काटक्या होत्या.

"बघितला, वैनी," तो म्हणाला. "लय मोठा हाय."

मुलीने मान वळवली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "आई, कुठं हाय मोर?"

सासूबाई पेंगत होत्या. पाहुण्यांनी तंबाखूची डबी काढली होती ती तशीच हातात धरून ठेवली. त्यांच्यासारख्या माणसाला तिथे मोर नव्हता हे सांगावं लागत नव्हतं. दिराची मान ताठ झालेली मला मागून दिसली. त्यालाही कळलं होतं. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. पकडला, असं वाटलं.

दोन वळणं गेली असतील. पाहुण्यांनी हनुवटी उचलली.

"डाव्या अंगाला गवा. सावकाश घ्या."

दिराने मान वळवली नाही. जीपही हळू केली नाही. बांधावर कारवीच्या आड काळी पाठ हलताना मला दिसली. खरा गवा होता, म्हशीपेक्षा मोठा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. मी बोलू शकत होते. मी गप्प राहिले. म्हटलं, बघू, आता काय म्हणतो.

गवा बांधावरून रस्त्यात उतरला तो थेट जीपच्या तोंडाशी. दिराने सुकाणू उजवीकडे ओढलं, ब्रेक दाबला, जीप रस्त्याच्या कडेचा दगड उडवून पुढे गेली आणि पोटावर दुसऱ्या दगडाला अडकून उभी राहिली. दगड खाली गेल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळाने आणखी एकदा आला.

आता मी सुरुवातीला सांगितलं त्या जागी आलो.

"कुणी हलायचं न्हाई," दीर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मागनं कुणी उतरू नगा. आई, वैनी, मागं सरका. ढेपांवर बसा."

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की आम्हाला बसवून हा उतरणार. मी एक पाय फाळक्याबाहेर काढलाही होता. मग ढेप दिसली आणि बैलगाडी आठवली. पुढे जड झालं की गाडी नाक खाली करून जाणार. मागे वजन पाहिजे होतं. सकाळी त्याला नको असलेली उलाळ आता पाहिजे होती. मी पाय आत घेतला. सासूबाई जाग्या झाल्या होत्या, त्या काही न विचारता एका ढेपेवर जाऊन बसल्या आणि फाळका दोन्ही हातांनी धरला. दुसऱ्या ढेपेवर मी.

"पाव्हणं, पोरीला मागं द्या. उजवीकडं वळू नगा. बसल्या जागीच डोक्यावरनं द्या."

पाहुण्यांनी मुलीला काखेत धरून वर उचललं. जीप कुरकुरली. मुलगी रडत नव्हती, तिने डोळे गच्च मिटले होते. तिचा झगा टपाच्या लोखंडी कमानीला अडकला. मी ढेपेवरून न उठता जेवढी वाकता आली तेवढी वाकले, तिचा दंड माझ्या हातात आला आणि मी ओढली. झगा फाटला. मुलगी माझ्या मांडीवर आली. तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ चार दिवस होते.

तेवढं करून मी पुन्हा दिराच्या पायाकडे बघितलं. मिलिटरीचा बूट होता. वर पोटरी थरथर कापत होती, थंडी वाजल्यासारखी. बूट जागचा हलला नव्हता.

पाहुणे सीटच्या पाठीवरून आमच्याकडे सरपटत आले. ते मध्ये असताना जीप एकदा पुढे झुकली. सासूबाईंनी तेव्हा पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं. मग पाहुणे मागे पोचले, जीप थोडी मागे बसली. ते फाळक्यावरून खाली उतरले आणि बांधाचे दगड ओढून चाकांना लावायला लागले. आधी मागच्या दोन चाकांना, मग पुढच्या डाव्या चाकाला. वाळका माणूस, पण दगड असे आणत होता की ते उचलायला दोन गडी लागावेत. एका दगडावर दुसरा ठोकून बसवायचा. किती वेळ गेला सांगता येत नाही. दीर तेवढा वेळ तसाच बसून होता. डावीकडे रस्ता होता, हातभर लांब. त्याने तिकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तरी त्याला तो दिसला नसता, असं मला तेव्हा वाटलं, आणि तसलं काही मनात आल्याची मला लाज वाटली.

पाहुण्यांनी सांगितल्यावर आधी मी मुलीला घेऊन उतरले. मग सासूबाई. ढेपा आतच ठेवल्या. शेवटी पाहुणे दिराच्या बाजूला जाऊन म्हणाले, "सोडा आता. हळू." त्याने पाय सुईने टाके उसवावेत तसा सोडला. जीप चार बोटं सरकली आणि दगडांवर थांबली. तो उतरला आणि रस्त्यातच बसला. उजवा पाय त्याला सरळ करता येत नव्हता. सासूबाई त्याची पोटरी चोळायला बसल्या.

गवा वीस पावलांवर उभा होता. आमच्याकडे बघत होता. त्याचं बघून झाल्यावर तो दरीच्या अंगाने खाली उतरून गेला.

पाहुणे हातावरची माती झटकत म्हणाले, मी वेळेवर सांगितलं होतं की डाव्या अंगाला गवा आहे, सावकाश घ्या. दिराने त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. त्यासाठी त्याला सगळी मान वळवावी लागली.

"मला वाटलं, वैनींचा मोरच हाय."

सासूबाईंनी विचारलं, कुठला मोर? मी सांगितलं, मोर नव्हता, मी खोटं बोलले होते, भावजींना डाव्या डोळ्याने दिसत नाही आणि मला ते बघायचं होतं. सासूबाईंनी माझ्या तोंडात मारली नाही, कारण मुलगी माझ्या कडेवर होती. दीर म्हणाला, खरं आहे. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा ठोकताना उडालेली पट्टी कपाळाला लागली होती. डोळा वरून शाबूत राहिला, आतला उजेड गेला. पलटणीने गाडी काढून घेतली आणि दुसरं हलकं काम दिलं, ते त्याला सोसलं नाही. घरी सांगायची हिंमत झाली नाही. ड्रायव्हिंगशिवाय दुसरं काही येत नव्हतं. डाव्या सुकाणूच्या जीपमध्ये सगळी दुनिया उजव्या अंगाला येते, म्हणून ती मागून घेतली होती.

"इचारायचं हुतं, वैनी," तो म्हणाला. "मी सांगितलं असतं."

सांगितलं असतं का, ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही एवढं ठाऊक आहे.

कोळशाचा एक ट्रक वर चालला होता, त्याने दोराने जीप मागे ओढून दिली. उरलेला घाट जीप त्या ट्रकच्या क्लीनरने उतरवली. त्यालाही डाव्या सुकाणूची सवय नव्हती, पण दोन डोळे होते. आम्ही सगळे मागून चालत गेलो.

पाहुण्यांच्या घरी पोचलो तेव्हा दिवस चांगला वर होता. त्यांची मुलगी पुढे आली. रंगाने उजळ, अंगाने भरलेली, बोलायला धीट. बसवलंही दारात, भर उजेडात. तिच्यात कसलीही खोट नव्हती. मी खूप शोधली. पोहे चांगले झाले होते. दिराने एकदाही मान वर केली नाही. सासूबाईंनी ढेपा उतरवून दिल्या.

पंधरा दिवसांनी पाहुण्यांचा निरोप आला की मुलीचं औंदा करायचं नाही. एवढाच. रागाचा शब्द नव्हता. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, त्यानंतर बोलल्या ते ऐकण्यासारखं नव्हतं. मला विचाराल तर पाहुण्यांनी बरोबर केलं. मीही माझी मुलगी दिली नसती. डोळा गेला म्हणून नव्हे. गेलेला डोळा घेऊन तो दुसऱ्याची पोर मांडीशेजारी बसवून घाट उतरत होता म्हणून. आणि तसं बघितलं तर मीही त्याच घाटात, माझीच पोर पुढे असताना, गवा दिसूनही तोंड मिटून बसले होते. त्या हिशेबाने माझी मुलगी कोणी माझ्याही हातात दिली नसती.

दिराने जीप बागवानाला परत केली आणि पुन्हा सुकाणूला हात लावला नाही. उसाचं पाणी त्याने अंगावर घेतलं. दोन वर्षांनी वडूजकडची मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी हातात यायच्या आधीच मी तिच्या बापाला सांगून टाकलं की मुलाचा डावा डोळा निकामी आहे. दीर शेजारी बसून ऐकत होता. त्यांनी मुलगी दिली. घरात आम्ही तीस वर्षं एकत्र राहिलो, मोराचा विषय त्याने कधी काढला नाही. मीही नाही. मात्र त्याच्या डाव्या बाजूने जायचं असलं की मी आधी खाकरायचे, आणि तो "हं" म्हणायचा.

त्या दिवशी जीपमध्ये आम्ही पाच जण होतो. सासूबाई, पाहुणे, दीर, माझी मुलगी आणि मी. पाचही जण जगलो.